जॉन कोल्ट्रेन कसा ऐकावा: धावत्या षड्जापासून स्थिर खर्जापर्यंत

सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या ‘जायंट स्टेप्स’ या 1960 साली आलेल्या तबकडीवर दोन रचना एकमेकींच्या अगदी उलट आहेत. तबकडीच्याच नावाच्या पहिल्या रचनेत षड्ज इतक्या झपाट्याने जागा बदलतो की तानपुऱ्यावर वाढलेला कान काही सेकंदांत गोंधळून जातो. दुसरी ‘नाईमा’. तिच्यात वरचे सूर बदलतात, पण खर्जातला सूर जागचा हलत नाही. दोन्ही 1959 मध्येच, सात महिन्यांच्या अंतराने रेकॉर्ड झाल्या. पुढे पहिल्या रचनेचं तंत्र कोल्ट्रेनने वर्षा-दीड वर्षात जवळजवळ बाजूला ठेवलं. ‘नाईमा’ मात्र तो 1966 पर्यंत मैफलींत वाजवत होता.

एखादं तंत्र इतक्या कष्टाने उभं करायचं आणि मग ते सोडून द्यायचं, असं का? कोल्ट्रेन समजून घ्यायला हाच प्रश्न पुरेसा आहे. आणि त्याचं उत्तर सरगमच्या भाषेत, हाताशी पेटी घेऊन, बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं.

आधी माणसाची तोंडओळख. जन्म 23 सप्टेंबर 1926, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, हॅम्लेट गावी. वाढला त्याच राज्यातल्या हाय पॉइंटमध्ये. वडील शिंपी, हौसेने वाद्यं वाजवणारे. आईचे वडील चर्चमधले धर्मोपदेशक. हा बाराएक वर्षांचा असताना थोड्याच काळात वडील आणि आजोबांसह घरातली माणसं एकामागोमाग गेली. 1943 मध्ये फिलाडेल्फियाला आला, आल्टो सॅक्सोफोन हाती घेतला, मग नौदलात भरती होऊन हवाईला गेला. परतल्यावर फिलाडेल्फियातच ग्रॅनॉफ स्टुडिओज या संगीतशाळेत डेनिस सँडोल यांच्याकडे हार्मनी, म्हणजे अनेक सूर एकत्र रचण्याचं शास्त्र, शिकला. पुढची काही वर्षं इतरांच्या बँडमध्ये गेली: डिझी गिलेस्पी, अर्ल बॉस्टिक, जॉनी हॉजेस. 1955 मध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने त्याला आपल्या पंचकात, म्हणजे पाच वादकांच्या बँडमध्ये, घेतलं, तेव्हा तो 29 वर्षांचा होता. जॅझच्या हिशेबाने हे वय उशिराचंच.

1957 च्या वसंतात डेव्हिसने त्याला काढून टाकलं. कारण हेरॉईन आणि दारू. कोल्ट्रेन फिलाडेल्फियाच्या घरी गेला आणि कोणत्याही औषधाच्या आधाराशिवाय त्याने व्यसन तोडलं. त्याच वर्षी जुलैपासून तो न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट या क्लबात पियानोवादक थेलोनियस मंकबरोबर वाजवू लागला. मंककडून त्याला सुरांच्या रचनेचे असे कोपरे कळले, जे पुस्तकात नव्हते. 1957 नंतरचा कोल्ट्रेन हा वेगळाच वादक आहे, आणि लोक ज्याच्याबद्दल बोलतात तो हाच. त्यानंतर त्याच्या हाती जेमतेम दहा वर्षं होती.

आता कॉर्ड म्हणजे काय, ते पाहू. तीन-चार सूर एकदम वाजवले की कॉर्ड. पेटीवर सा, ग, प एकत्र दाबा. आपल्या रागसंगीतात याची गरज पडत नाही, कारण तिथे प्रत्येक सुराचा अर्थ तानपुऱ्यातल्या षड्जावरून ठरतो आणि तो षड्ज मैफल संपेपर्यंत तोच असतो. कॉर्डच्या संगीतात मात्र खालचा कॉर्ड बदलला की वरच्या त्याच सुराचा अर्थ बदलतो. आपल्या कानाला ही सवय अगदीच नाही असं नाही. अँथनी गोन्साल्विस, सबॅस्टियन डिसूझा, चिक चॉकलेट अशा गोव्याच्या वादकांनी आणि संयोजकांनी हिंदी चित्रपटगीतांखाली असे कॉर्ड भरून ठेवले आहेत. आपण ते ऐकतो, फक्त मोजत नाही.

कॉर्डमध्ये एक ओढ असते, आणि ती समजली की निम्मं काम होतं. कोणत्याही षड्जाच्या पंचमावर प, नी, रे, म असे चार सूर एकत्र वाजवा आणि थांबा. कानाला चैन पडत नाही. नी अर्धा सूर चढून सा होऊ पाहतो, म अर्धा सूर उतरून ग होऊ पाहतो. मग सा-ग-प वाजवला की सुटका होते. पंचमावरचा कॉर्ड म्हणजे षड्जाकडे ढकलणारा कॉर्ड, एवढं लक्षात ठेवा.

‘जायंट स्टेप्स’मध्ये तीन षड्ज आहेत: पांढरी सात, पांढरी पाच आणि काळी दोन (सप्तकातल्या पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या पांढरी एकपासून वेगवेगळ्या मोजायच्या). पेटीवर मोजून पाहा. पांढरी सातपासून चार पट्ट्या (काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून) खाली आलात की पांढरी पाच, आणखी चार खाली काळी दोन, आणखी चार खाली परत पांढरी सात. म्हणजे सप्तकाचे बारा सूर बरोबर तीन सारख्या भागांत कापले आहेत. पांढरी सातला सा धरलं तर बाकीची दोन ठिकाणं शुद्ध गंधार आणि कोमल धैवत. एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना मध्ये त्या-त्या ठिकाणाचा ढकलणारा कॉर्ड येतो. पांढरी दोन हा पांढरी पाचचा पंचम, तो तिकडे ढकलतो. काळी पाच हा काळी दोनचा पंचम. काळी तीन हा पांढरी सातचा.

हे अवघड का? जॅझमधल्या बहुतेक गाण्यांत षड्ज बदलला तरी जवळच्या नात्यात बदलतो. पांढरी एकवरून पांढरी पाचवर गेलात तर सातपैकी एकच सूर बदलतो, मध्यमाच्या जागी तीव्र मध्यम येतो. पण पांढरी सातच्या बिलावलातून (सगळे सूर शुद्ध असलेल्या थाटातून) पांढरी पाचच्या बिलावलात गेलात तर सातातले चार सूर बदलतात. तीनच शिल्लक राहतात. पांढरी सात हाच सूर घ्या: पहिल्या ठिकाणी तो षड्ज, दुसऱ्या ठिकाणी शुद्ध गंधार आणि तिसऱ्या ठिकाणी, म्हणजे काळी दोनवर, तो त्या थाटातच नाही, तिथे तो बेसूर लागतो. बोट तेच आणि सूर तोच, पण पुढच्या क्षणी चूक.

त्यात लय. रचनेचं एक आवर्तन सोळा बारचं (एक बार म्हणजे चार मात्रा), म्हणजे 64 मात्रांचं, आणि त्यात 26 कॉर्ड आहेत. मिनिटाला साधारण 290 मात्रांची लय धरली तर एक आवर्तन तेरा सेकंदांत संपतं. म्हणजे सेकंदाला दोन कॉर्ड. विचार करायला यात वेळच नाही. जे आधी हातात बसलंय तेच वाजणार.

कोल्ट्रेनने यावर काढलेला तोडगा अगदी साधा होता, आणि तो घरी करून पाहता येतो. प्रत्येक कॉर्डला त्या कॉर्डचा सा धरायचा आणि ‘सा रे ग प’ एवढे चारच सूर वाजवायचे. मेट्रोनोम, म्हणजे लय देणारं यंत्र, मिनिटाला 60 मात्रांवर लावा, मात्रेला दोन सूर, म्हणजे दोन मात्रांत एक गट. पहिला गट पांढरी सात, काळी एक, काळी दोन, काळी तीन. दुसरा गट पांढरी दोन, पांढरी तीन, काळी तीन, पांढरी सहा. तिसरा पांढरी पाच, सहा, सात आणि वरची पांढरी दोन. चौथा काळी पाच, मग वरच्या पांढरी एक, दोन, चार. पाचवा काळी दोन, पांढरी चार, पांढरी पाच, काळी पाच, आणि इथे आणखी दोन मात्रा थांबायचं. हे रचनेचे पहिले तीन बार झाले. मूळ ध्वनिमुद्रणात हेच जवळपास पाचपट वेगाने येतं.

इथे बहुतेक शिकणारे एकाच जागी अडकतात. ते प्रत्येक गट सा-पासूनच सुरू करतात, त्यामुळे ऐकायला पलट्यांचा रियाज येतो, गाणं येत नाही. उपाय गटांच्या सांध्यात आहे. पहिला गट काळी तीनवर संपतो. तीच काळी तीन दुसऱ्या गटातला गंधार आहे. दुसरा संपतो पांढरी सहावर. तो तिसऱ्यातला रिषभ. तिसरा संपतो पांढरी दोनवर. तो चौथ्यातला गंधार. चौथा संपतो पांढरी चारवर. तो पाचव्यातला रिषभ. म्हणजे जिथे संपलात तिथूनच पुढचा गट उचलता येतो, कधी चढता, कधी उतरता. एक गट चढता, दुसरा उतरता असं जोडायला लागलात की त्या धावत्या सुरांखाली चाल ऐकू यायला लागते. दुसरी चूक लय चढवण्याची घाई. बोटं पळतात, पण कॉर्ड बदलण्याच्या आधीच पुढच्या गटात शिरतात. 60 वर दहा आवर्तनं न चुकता गेल्याशिवाय 66 वर जाऊ नये.

हे सगळं त्या स्टुडिओतही घडलं. 1959 च्या मे महिन्यातल्या ध्वनिमुद्रणात पियानोवर टॉमी फ्लॅनॅगन होता, पट्टीचा वादक. रचना त्याने आधी पाहिली होती, पण ही लय त्याला अपेक्षित नव्हती. त्याची पाळी आली तेव्हा तो काही आवर्तनं सुरांच्या ओळी जोडत राहतो, मग त्या तुटतात, आणि शेवटी तो नुसते कॉर्ड धरतो. तबकडीवर हे जसंच्या तसं आहे. फ्लॅनॅगनला नावं ठेवण्याची एक पद्धतच पडली आहे, ती मला अन्यायाची वाटते. कोल्ट्रेन महिनोन्महिने घोटून आला होता. त्याच सत्रांचे न वापरलेले तुकडे पुढे प्रसिद्ध झाले, त्यांत कोल्ट्रेनचेही तेच-तेच चार सुरांचे गट पुन्हा पुन्हा येतात. फ्लॅनॅगनने 1982 मध्ये याच रचनेवर, पूर्ण तयारीने, कोल्ट्रेनच्या स्मरणार्थ अख्खी तबकडी केली.

माझ्या मते कोल्ट्रेनने हे तंत्र सोडण्याचं कारण इथेच दिसतं. कॉर्ड इतक्या वेगाने बदलले की वादक मोकळा राहत नाही. तो फक्त पुढच्या कॉर्डला वेळेवर पोहोचत असतो. याच्या दोनेक वर्षं आधीपासून तो एकाच कॉर्डवर मनातल्या मनात तीन-तीन कॉर्ड रचून वाजवत होता. एवढे सूर मात्रेत बसेनात म्हणून पाच-पाच, सात-सातचे विषम गट करत होता. समीक्षक आयरा गिटलर यांनी 1958 मध्ये त्या वादनाला ‘सुरांचे पत्रे’ अशा अर्थाचं नाव दिलं, ते चिकटलं. ‘जायंट स्टेप्स’ हे त्याच वाटेचं टोक होतं.

दुसरी वाट त्याला माइल्स डेव्हिसकडेच दिसली होती. 1958 च्या सुरुवातीला तो डेव्हिसकडे परतला, आणि 1959 च्या मार्च-एप्रिलमध्ये डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’वर वाजवला, म्हणजे ‘जायंट स्टेप्स’च्या दोन-तीन आठवडे आधीपर्यंत. त्या तबकडीवरची ‘सो व्हॉट’ ही रचना मराठी कानाला सरळ कळते. पांढरी दोनला सा धरून फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवा: हा काफी थाट. ‘सो व्हॉट’मध्ये सोळा बार हा काफी, मग तोच काफी अर्धा सूर वर, काळी दोनवरून, आठ बार, आणि पुन्हा पांढरी दोनवर आठ बार. संपलं. 32 बारांत दोन षड्ज. मात्र हा थाट आहे, राग नाही. वादी-संवादी नाही, आरोह-अवरोहाचे नियम नाहीत, वर्ज्य सूर नाही. त्यात कोणी भीमपलास शोधू लागला तर निराश होईल.

‘नाईमा’ याच्याही पलीकडची. डिसेंबर 1959 मध्ये रेकॉर्ड झालेली ही संथ रचना पहिल्या पत्नीच्या नावाची आहे. मुख्य भागात बेसवादक पॉल चेंबर्स काळी दोन धरून बसतो, वर पियानोचे कॉर्ड बदलत राहतात. मधल्या भागात बेस त्या सुराच्या पंचमावर, काळी पाचवर जातो आणि मग परत येतो. वरचा कॉर्ड बदलतो तेव्हा खालच्या त्याच सुराचा रंग बदललेला ऐकू येतो. एकदा पूर्ण रचना फक्त बेसकडे कान देऊन ऐका, मग सॅक्सोफोनकडे वळा.

1960 मध्ये कोल्ट्रेनने स्वतःचं चौकडं उभं केलं, आणि पुढचं सगळं त्या चौघांचं आहे. पियानोवर मॅकॉय टायनर, ड्रम्सवर एल्विन जोन्स, आणि काही अदलाबदलीनंतर बेसवर जिमी गॅरिसन. टायनरची करामत डाव्या हातात आहे. सा-ग-प ऐवजी तो सा-म-कोमल नी असे, मध्यमाच्या अंतराने रचलेले कॉर्ड वापरतो. त्यात गंधारच नसतो. शुद्ध की कोमल हे पियानो ठरवत नाही, त्यामुळे सॅक्सोफोनला दोन्ही वाटा मोकळ्या राहतात. जोन्स चारच्या लयीत तीनचे हिशेब पेरतो, तेही दोन हात आणि दोन पायांत वेगवेगळे. सम उघडपणे दाखवत नाही. सुरुवातीला हरवायला होतं. अशा वेळी त्याच्या डाव्या पायाखालच्या झांजेचा ‘चिक्’ धरावा.

ऑक्टोबर 1960 मध्ये या चौकड्याने (तेव्हा बेसवर स्टीव्ह डेव्हिस) ब्रॉडवेच्या एका संगीत नाटकातलं ‘माय फेव्हरेट थिंग्ज’ हे गाणं घेतलं. तीन मात्रांची लय, जवळपास पावणेचौदा मिनिटं. मूळ गाण्याचे बहुतेक कॉर्ड काढून टाकले आणि विस्तारासाठी पांढरी तीनवर दोनच अवस्था ठेवल्या: एक कोमल गंधाराची, एक शुद्ध गंधाराची. कधी पालटायचं हे वादकच खुणेने ठरवतो. आपल्याकडच्या बढतीशी याचं नातं लगेच लक्षात येतं. कोल्ट्रेनने इथे आपल्या नेहमीच्या, खालच्या स्वराच्या टेनर सॅक्सोफोनऐवजी सोप्रानो सॅक्सोफोन वाजवला; सरळ नळीचं हे वाद्य वरच्या सप्तकात थोडं सनईकडे झुकतं. तबकडी खपली, आणि या वाद्याला जॅझमध्ये पुन्हा मागणी आली.

इथे पंडित रविशंकर येतात. 1961 च्या सुमारास दोघांचा संपर्क सुरू झाला, आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये काही बैठकी झाल्या. कोल्ट्रेन राग आणि तालाची मूलतत्त्वं विचारत असे. नोव्हेंबर 1961 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबात त्याने ‘इंडिया’ नावाची रचना रेकॉर्ड केली. त्यात दोन बेसवादक आहेत. एक सूर धरतो, दुसरा त्याभोवती फिरतो. सोबत एरिक डॉल्फी बेस क्लॅरिनेटवर. हे भारतीय संगीत नव्हे, आणि कोल्ट्रेनचा तसा दावाही नव्हता. त्याने तानपुऱ्याची कल्पना उचलली, रागाची नाही. रविशंकर यांना माणूस फार आवडला, त्याची नम्रता आवडली. पण त्याच्या वादनातली खळबळ त्यांना अस्वस्थ करत होती, आणि ते त्यांनी लिहून ठेवलं आहे. इतका शांत माणूस असं का वाजवतो, हा त्यांचा प्रश्न. 1967 मध्ये लॉस एंजेलिसला रविशंकर यांच्याकडे शिकायचं ठरत होतं. ते राहून गेलं. 1965 मध्ये जन्मलेल्या मुलाचं नाव मात्र त्याने रवी ठेवलं, आणि रवी कोल्ट्रेन आज स्वतः नावाजलेला सॅक्सोफोनवादक आहे.

त्या काळात टीकाही भरपूर झाली. ‘डाउनबीट’ मासिकात 1961 मध्ये त्याच्या आणि डॉल्फीच्या वादनाला जॅझविरोधी म्हटलं गेलं. 1962-63 मध्ये संथ गाण्यांची ‘बॅलड्स’, मग पियानोवादक ड्यूक एलिंग्टनबरोबरची आणि गायक जॉनी हार्टमनबरोबरची, अशा तीन मवाळ तबकड्या आल्या, तेव्हा हा टीकेला दिलेला उतारा असा समज झाला. कोल्ट्रेनने पुढे एका मुलाखतीत वेगळंच कारण सांगितलं: माउथपीसमध्ये, म्हणजे वाद्याच्या तोंडात धरायच्या टोकात, फेरफार करायला गेला आणि तो बिघडवून बसला, मग जलद वादन मनासारखं होईना. सॅक्सोफोनवाले हे लगेच मानतील. माउथपीसचं तोंड आणि वेताची पट्टी म्हणजे रीड यांच्यातली फट किंचित बदलली तरी फुंक, ओठांचा दाब, स्वर लागायला लागणारा वेळ, सगळं बदलतं. आणि घासलेला धातू परत भरता येत नाही.

आता ‘अ लव्ह सुप्रीम’. 9 डिसेंबर 1964, न्यू जर्सीत रूडी व्हॅन गेल्डर यांचा स्टुडिओ, चौघं वादक, एक सत्र. सुमारे 33 मिनिटांचं संगीत, चार भागांत. दुसऱ्या दिवशी आणखी दोन वादक घेऊन पहिला भाग पुन्हा वाजवून पाहिला, पण तबकडीवर घेतलं ते पहिल्या दिवसाचंच.

पहिल्या भागात घंटेचा एक टोल आणि सॅक्सोफोनची छोटी हाक झाली की बेसवर चार सूर येतात: सा, कोमल ग, सा, म. पेटीवर पांढरी चार, काळी चार, पांढरी चार, काळी पाच. ‘अ लव्ह सुप्रीम’ या चार अक्षरांना चार सूर. सगळा भाग या चौघांतून उगवतो. कोल्ट्रेन त्यांना ताणतो, तोडतो, उलटवतो. शेवटाकडे तो एक चमत्कारिक गोष्ट करतो: हेच चार सूर एका षड्जावरून उचलून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर असे नेतो आणि बाराही षड्जांवर वाजवतो. बेस मात्र जागचा हलत नाही. पाच वर्षांपूर्वी ‘जायंट स्टेप्स’मध्ये षड्ज हलत होता आणि वादक त्याच्यामागे धावत होता. इथे षड्ज स्थिर आहे आणि वादक आपल्या मर्जीने बारा घरं फिरून येतो. त्या घोटून घेतलेल्या गटांचं चीज इथे होतं, असं मला वाटतं. यानंतर सॅक्सोफोन थांबतो आणि मानवी आवाजात तेच शब्द जपासारखे येतात. मग जप एक पूर्ण सूर खाली उतरतो, पुढच्या भागाचा षड्ज तयार ठेवायला.

दुसऱ्या भागात ठाशीव मुखडा आहे आणि टायनरचं दमदार वादन. तिसरा एल्विन जोन्सच्या एकट्याच्या ड्रम्सने सुरू होतो, मग कोमल गंधाराचा, बारा बारांचा वेगवान ब्लूज, आणि शेवट गॅरिसनच्या एकट्या बेसवर. चौथा भाग नुसता ऐकला तर आलाप वाटतो. लय नाही, जोन्स टिंपनीच्या मोठ्या ढोलांवर गुरगुरत राहतो, सॅक्सोफोन पांढरी एकभोवती लांब ओळी म्हणतो. या ओळी कोल्ट्रेनने स्वतः लिहिलेल्या प्रार्थनेच्या आहेत, आणि ती प्रार्थना तबकडीच्या आतल्या पानावर छापली आहे. तो ती शब्दशः वाजवतो, अक्षराला सूर. संशोधक लुइस पोर्टर यांनी हे ओळ न् ओळ दाखवून दिलं. कविता समोर ठेवून ऐका. जागा चुकली तर घाबरू नका: देवाचे आभार मानणारी ओळ वरचेवर येते आणि बहुधा षड्जावर उतरते, तिथून पुन्हा धरता येतं.

प्रार्थनेच्याच पठडीतली आणखी एक छोटी रचना आहे. 15 सप्टेंबर 1963 रोजी अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या एका कृष्णवर्णीय चर्चमध्ये वंशद्वेष्ट्यांनी बॉम्बस्फोट केला, चार मुली ठार झाल्या. दोनच महिन्यांनी कोल्ट्रेनने ‘अलाबामा’ रेकॉर्ड केली. एकही शब्द नसलेला हा शोक आहे, आणि माझ्या लेखी त्याचं सर्वांत नेटकं काम.

1965 पासून वाट अवघड होते. जूनमध्ये अकरा वादकांनिशी ‘असेन्शन’ झाली. सुमारे चाळीस मिनिटं, सामूहिक गर्जना आणि एकेकट्याचं वादन आलटून पालटून. मग फेरो सँडर्स हा दुसरा सॅक्सोफोन कायमचा आला, रशीद अली दुसरे ड्रम्स घेऊन आला. आपलाच पियानो आपल्याला ऐकू येत नाही, या वैतागाने वर्षअखेर टायनर बाहेर पडला, पाठोपाठ जोन्सही. पियानोवर ॲलिस आली, कोल्ट्रेनची दुसरी पत्नी. आता लयही गेली. षड्जानंतर सोडण्यासारखं तेवढंच उरलं होतं. हा काळ सगळ्यांना आवडलाच पाहिजे असं अजिबात नाही.

17 जुलै 1967 रोजी लाँग आयलंडमधल्या हंटिंग्टनच्या रुग्णालयात यकृताच्या कर्करोगाने तो गेला. वय 40.

ॲलिस कोल्ट्रेनने पुढे हार्पवर स्वतःचं वेगळं संगीत उभं केलं. स्वामी सच्चिदानंदांची ती शिष्या. 1971 च्या तिच्या तबकडीवर स्वामींचं नाव आहे आणि वादनात खराखुरा तानपुरा. कॅलिफोर्नियात तिने आश्रम काढला, तिथे संस्कृत भजनं गॉस्पेलच्या, म्हणजे कृष्णवर्णीय चर्चमधल्या भक्तिगीतांच्या, ठेक्यात गायली जात. सॅन फ्रान्सिस्कोत तर एका चर्चने जॉन कोल्ट्रेनलाच संत मानलं, आणि तिथे प्रार्थनेला त्याचं संगीत वाजतं. 2007 मध्ये त्याला मरणोत्तर विशेष पुलित्झर सन्मान मिळाला. 6 मार्च 1963 च्या एका सत्राची हरवलेली फीत कुटुंबीयांकडे सापडून 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. जॅझ शिकवणाऱ्या शाळांत ‘जायंट स्टेप्स’ अजूनही परीक्षेसारखं पुढे ठेवतात. सॅक्सोफोनवाल्यांची एक पिढीच्या पिढी तेवढ्यावर अडकली, हा त्याच्या वारशाचा कमी बोलला जाणारा भाग.

ऐकायला सुरुवात करायची तर फोनच्या स्पीकरवर करू नका. बेसची सर्वांत खालची तार साधारण 41 हर्ट्झला बोलते, तिथे तो स्पीकर पोहोचत नाही, आणि कोल्ट्रेनच्या संगीतात खर्ज गेला की अर्थ गेला. साधा हेडफोन चालेल. पहिल्यांदा हार्टमनबरोबरची तबकडी, गाण्याचे शब्द असल्यामुळे आवर्तन कुठे संपतं ते कळतं. मग 1957 ची ‘ब्लू ट्रेन’, ‘सो व्हॉट’, ‘नाईमा’, ‘माय फेव्हरेट थिंग्ज’. त्यानंतर ‘क्रेसेंट’ आणि ‘अ लव्ह सुप्रीम’. ‘जायंट स्टेप्स’ इथे, आधी नाही; आणि पहिल्या काही वेळा वेग निम्मा करून. ‘असेन्शन’ने सुरुवात करणारे बहुतेक जण परत येत नाहीत. शेवटच्या काळातलं एखादं ऐकायचंच असेल तर फेब्रुवारी 1967 मधली ‘इंटरस्टेलर स्पेस’ घ्या. फक्त सॅक्सोफोन आणि ड्रम्स आहेत, त्यामुळे गर्दीत हरवायला होत नाही, आणि कोल्ट्रेन रचनेच्या सुरुवातीला आणि शेवटी घुंगरू हलवतो म्हणून हद्द कळते. त्यातली ‘व्हीनस’ आधी, ती सर्वांत संथ आहे; ‘मार्स’ सर्वांत शेवटी.